कॅज्युअल्टीत "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन द्या" ही ऑर्डर नेमकी कोणाला असते?

नाइटवाली_सिस्टर

नमस्कार. मी अधिपरिचारिका आहे, जीएनएम. नोकरीला अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. वऱ्हाडातलं एक उपजिल्हा रुग्णालय, गावाचं नाव लिहीत नाही. प्रश्न एका ओळीचा आहे, पण काय घडलं ते सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. रात्री साडेनऊच्या सुमारास तिशीतला एक पेशंट आणला. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेली, तीही वाऱ्याच्या तोंडाला. दुपारीच मळमळायला लागलं होतं, ऊन लागलं असेल म्हणून घरी पडून राहिला. आमच्याकडे आला तेव्हा तोंडाला फेस, नाकाडोळ्यांतून पाणी, अंग घामानं चिंब. छातीतली घरघर दारापासून ऐकू येत होती. प्युपिल (डोळ्यांतल्या बाहुल्या) टाचणीच्या टोकाएवढ्या, पल्स 48. शर्ट औषधानं ओला आणि तो वास. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधेच्या केसेसची रांग लागली होती, तेव्हापासून आमच्या भागात कोणत्याच सिस्टरला तो वास कशाचा हे सांगावं लागत नाही.

ड्युटीवर आम्ही दोघी स्टाफ नर्स, एमओ (मेडिकल ऑफिसर) सर, बाँडवर नुकत्याच आलेल्या एक डॉक्टर मॅडम, एक मामा, एक मावशी (दोघं कक्षसेवक). म्हणजे रात्रीच्या मानानं माणसं कमी नव्हती. सर डोक्याकडे गेले, सक्शन आणि अँब्यू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) त्यांच्या हातात. मी उजव्या हाताला लाइन (शिरेतली सुई) घेतली. सर म्हणाले, "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन पाच द्या." हे औषध म्हणजे या विषावरचा उतारा. मी पाच अँप्युल (काचेच्या छोट्या कुप्या) फोडल्या, दिल्या. पाच मिनिटांनी छाती तशीच. सर मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, दहा लोड करा." मी फोडायला लागले. त्याच वेळी पलीकडच्या बाजूला मॅडम छातीला स्टेथो लावून होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन डबल करा." त्यांच्या शेजारी माझी सहकारी डाव्या हाताची दुसरी लाइन चिकटवत होती. तिनंही दहा फोडल्या.

ज्यांनी अ‍ॅट्रोपिन लोड केलंय त्यांना माहीत आहे, एका अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं, एक सीसी. दहा फोडायच्या म्हणजे मान खाली, कापूस धरून एकेक काच मोडायची, बोट कापू द्यायचं नाही, सुईनं ओढायचं, पुढची घ्यायची. त्या मिनिटभरात आजूबाजूला काय चाललंय ते दिसत नाही. आम्ही दोघींनी अर्ध्या मिनिटाच्या फरकानं दहा-दहा दिल्या. एकमेकींना पाठमोऱ्या होतो, मध्ये पेशंट. ट्रीटमेंट शीट त्याच्या पायाखाली चुरगळली होती. नंतर मी माझ्या आठवणीनं लिहिलं: पाच, मग दहा.

छाती लवकर क्लिअर झाली. आम्हाला हायसं वाटलं. तासाभरानं पल्स 140, अंग कोरडं ठणठणीत, ताप 102, आणि तो हवेत बोटांनी काहीतरी वेचायला लागला. सलाईन उपटली. बायकोला ओळखेना. मॅडमना वाटलं विष वर चढतंय, त्या आणखी अ‍ॅट्रोपिन सांगणारच होत्या. तेवढ्यात माझ्या सहकारीची नजर गेली, खाटेच्या दोन बाजूंना दोन किडनी ट्रे. तिनं रिकाम्या अँप्युल मोजल्या. पंचवीस. कागदावर पंधरा.

अ‍ॅट्रोपिन थांबवलं, गार पाण्यानं अंग पुसलं, कॅथेटर टाकला, हाताला सैल बँडेज बांधलं, रात्रभर त्याच्याजवळ बसलो. ताप उतरल्यावर कमी डोसवर ड्रिप सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं चहा मागितला. आठव्या दिवशी घरी गेला. जाताना त्याच्या आईनं माझे हात धरले आणि मला तिच्याकडे बघवेना.

आणखी एक. पेशंटचे ओले कपडे मावशींनी नुसत्या हातांनी काढले. हातमोजे घाला असं त्यांना कोणी म्हणालं नाही, कारण कपडे काढायचं काम त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पडलेलं काम दिसलं, त्यांनी केलं. पहाटे त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि दोन उलट्या झाल्या.

सकाळी आम्हा दोघींना मेमो. "ऑर्डर नीट ऐकली नाही." मेमोचं रडगाणं गायला मी आले नाहीये. मला लागलंय ते वेगळंच. त्या रात्री एकही माणूस रिकामा उभा नव्हता. सहाच्या सहा जण जीव तोडून काम करत होते. तरीही तो माणूस आमच्या हातून जाता जाता राहिला.

तर प्रश्न असा: तुमच्याकडे कोण काय करणार हे पेशंट येण्याआधी ठरतं का? कोण ठरवतं? खोलीत दोन डॉक्टर असतील तर ऑर्डर एकाच तोंडून यावी, हे सिस्टरनं म्हणायचं की नाही? आणि म्हणायचं तर कोणत्या शब्दांत? मला ते शब्द हवे आहेत. रात्री दहा वाजता, सरांच्या अंगाला घाम फुटलेला असताना तोंडातून निघतील असे शब्द.

निवृत्त_परिसेविका

बाळ, आधी हे ऐक. रिकाम्या अँप्युल मोजायचं ज्या मुलीला सुचलं, तिला माझ्याकडून शाबासकी सांग. ते सुचलं नसतं तर सकाळचा मेमो वेगळाच असता.

मी 1992 ला लागले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गोंधळात सगळ्यांना हाताचं काम हवं असतं. सुई, नळी, दाब, सक्शन. कागद कोणालाच नको असतो. कागद धरणारा म्हणजे काम न करणारा, असं आपल्याकडे वाटतं. कॅज्युअल्टीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम तेच आहे.

किल्लारीचा भूकंप झाला ती 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनानंतरची. मी तेव्हा सोलापूरला, नोकरीचं दुसरं वर्ष. दुपारपर्यंत ट्रक भरभरून जखमी येत होते. व्हरांड्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं गाद्या. आम्ही पोरी धनुर्वाताची इंजेक्शनं देत सुटलो होतो. आमच्या वयस्क इन्चार्ज बाईंनी एका गादीपाशी थांबून विचारलं, "याला दिलं का?" आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. बाईंनी आरडाओरडा केला नाही. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली आणवली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तू आजपासून सुई धरायची नाही. ज्या पेशंटला दिलं, त्याच्या डाव्या मनगटावर ठिपका. ठिपका तूच लावायचा, दुसरं कोणी नाही." संध्याकाळपर्यंत माझी बोटं जांभळी झाली होती. मला तेव्हा राग आला होता, कारण बाकीच्या "खरं" काम करत होत्या. पण त्यानंतर एकालाही दुसऱ्यांदा इंजेक्शन गेलं नाही.

पुढे मी इन्चार्ज झाले तेव्हा जागा बांधून दिल्या. डोक्याशी डॉक्टर. उजव्या हाताची सिस्टर लाइन आणि औषध बघणार, डाव्या हाताची बीपी, सॅच्युरेशन, रक्ताचे नमुने. पायाशी कागद आणि घड्याळ. मामा ऑक्सिजन आणि दार. औषध देणारी एकच, ट्रे एकच. दुसऱ्या सिस्टरनं अँप्युल फोडून द्याव्यात, पण सिरिंज पेशंटला लावणारा हात एकच. दिवसाची ओव्हर (आधीच्या पाळीकडून कामाचा ताबा) घेतली की खाटेपाशी उभं राहून मी म्हणायचे, "आज उजवा हात कोण? कागद कोण?" दोन मिनिटांचं काम. नव्या मुलींना आधी ते पोरकट वाटायचं.

डॉक्टरांना काय म्हणायचं, हे विचारलंस. मी म्हणायचे, "सर, कागद माझ्याकडे आहे, मला सांगा." एवढंच. त्यात त्यांचा मान जात नाही. आणि एकदा ते तुझ्याकडे बघून बोलायला लागले की दुसऱ्या कोणाची ऑर्डरही आपोआप तुझ्यामार्गे येते.

एमओ_ते_इमर्जन्सी

मी सहा वर्षं ग्रामीण रुग्णालयात एमओ होतो, आता इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी करतोय. तुमची पोस्ट दोनदा वाचली. डॉक्टरांच्या बाजूनं लिहितो.

पहिलं, मेमोतलं वाक्य चुकीचं आहे. तुम्ही दोघींनीही ऑर्डर अगदी नीट ऐकलीत. दोन तोंडांनी ती दोनदा दिली गेली. आणि "डबल करा" ही ऑर्डरच नव्हे. कशाच्या डबल? पाचाच्या की दहाच्या? अ‍ॅट्रोपिनमध्ये तर डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करायचाच असतो. पाच अँप्युल म्हणजे 3 मिलिग्रॅम, पुढे 6, पुढे 12. मध्ये एक पायरी कोणी मोजायला विसरलं की पुढचा आकडा कुठच्या कुठे जातो. मी आता अँप्युल आणि मिलिग्रॅम दोन्ही बोलतो: "दहा अँप्युल, सहा मिलिग्रॅम." दोन्ही आकडे जुळले नाहीत तर समोरची सिस्टर मला तिथंच थांबवते आणि मला ते हवं असतं.

दुसरं, डोक्याशी असलेल्या डॉक्टरला काय दिसतं ते सांगतो. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) हातात असला की माझं जग तोंडाएवढं होतं. फेस, जीभ, दिव्याचा उजेड. मॉनिटरचा आवाज येतो पण आकडा कळत नाही. मिनिटं किती गेली ते तर अजिबातच नाही. तीस सेकंद झाली असं वाटतं आणि तीन मिनिटं झालेली असतात. अशा माणसानं टीमचं नेतृत्व करावं ही अपेक्षाच चूक आहे. नेता तो, ज्याचे हात मोकळे आहेत. दोन डॉक्टर असतील तर एकानं डोक्याशी जावं आणि दुसऱ्यानं पायाशी मागे उभं राहावं, पेशंटला हात लावू नये. तुमच्याकडे त्या रात्री मॅडम पायाशी उभ्या राहिल्या असत्या, नव्या असल्या तरी, तर ऑर्डर एकाच ठिकाणाहून आली असती. अनुभव सरांकडे होता, पण नजर मोकळी मॅडमची असायला हवी होती.

आणि डॉक्टर एकच असेल तर? ग्रामीण रुग्णालयात रात्री मी, एक सिस्टर आणि एक मामा असेच होतो. निवृत्त बाईंच्या पाच जागा मला फार आवडल्या, पण तिघांत त्या भरत नाहीत. तिथं जागा ठरवून भागत नाही, कामांचा क्रम ठरवावा लागतो. आमचं ठरलेलं होतं: पहिली दोन मिनिटं मी श्वास, सिस्टर लाइन, मामा ऑक्सिजन आणि मग कात्रीनं कपडे कापणं, हातमोजे घालूनच. नंतर मामा अँब्यू दाबणार, मी मोकळा होणार. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ आली तर मी मोठ्यानं म्हणायचो, "ट्यूब जाईपर्यंत घड्याळ आणि औषध सिस्टर बघतील." हे वाक्य डॉक्टरनं स्वतः म्हणायला लागतं. सिस्टरनं स्वतःहून ताबा घेतला तर सकाळी तिला कोणीतरी विचारतं. मी म्हणालो असलो तर मला विचारतील.

आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात पाच गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. छाती साफ, पल्स 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर, काखा कोरड्या, प्युपिल टाचणीसारख्या नाहीत. दर पाच मिनिटांनी एकाच माणसानं बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. त्यात छातीला मान जास्त, प्युपिल उशिरानं सुधारतात, त्यांच्यामागे धावायचं नाही. आणि त्याखाली लाल अक्षरात: ताप, बडबड, हवेत वेचणं, पोट शांत, लघवी अडकली, म्हणजे जास्त झालं, थांबवा. तुमच्या मॅडमना ते माहीत नसेल असं नाही. पण पहिल्या महिन्यात, त्या गलक्यात, पुस्तकातलं आठवायला भिंत लागते.

तुम्ही विचारलेले शब्द. मला एका सिस्टरनं एकदा म्हटलं होतं, "सर, दोन ऑर्डर आल्यात. कोणती देऊ?" त्या क्षणी मला राग आला, खरं सांगतो. पण मी थांबलो आणि एक ऑर्डर निवडली. तिच्या प्रश्नात आरोप नव्हता आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. माझ्या मते याहून चांगलं वाक्य नाही.

मामा_कक्षसेवक

मी कक्षसेवक हाय, बारा वर्षं झाली. डॉक्टरसायब लिवतात ते खरं हाय, पण आमच्याकडे आमाले कोणी सांगत नाही. सगळे "मामा, मामा" करतात. एकजण म्हणते ऑक्सिजन आण, दुसरा म्हणते नातेवाइकाले बाहेर काढ, तिसरा म्हणते ट्रॉली धर. मी एकटा. जे शेवटी ऐकू आलं ते करतो. मंग पहिला वरडते.

माह्यं म्हणणं एकच. दाराचं काम मले द्या आणि तेच राहू द्या. फवारणीच्या केसमंधी अर्धं गाव येते. त्याईले रागानं काढलं तर भांडण होते. मी एका जवळच्या माणसाले आत उभा करतो, बाकीच्याईले सांगतो का दर दहा मिनिटानं हा बाहेर येऊन सांगन. लोक ऐकतात. पण मले मधातच सिलिंडर आणाले धाडलं का सगळी गर्दी आत.

आन मावशीबद्दल लिवलं ते बरं केलं. हातमोज्याचा डबा औषधाच्या कपाटात असते, चाबी सिस्टरकडे. डबा दाराजवळ ठेवा.

सांगलीकर_ब्रदर

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सजवळ एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत स्टाफ नर्स आहे. इथं माणसं जास्त आहेत, यंत्रं जास्त आहेत, त्यामुळे "आमच्याकडे असं असतं" म्हणून सांगायला संकोच वाटतो. पण दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत, त्या सांगतो.

इथं हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी हॉस्पिटलात कुठूनही 2222 फिरवलं की टीम येते. ती टीम एकमेकांना त्या क्षणी पहिल्यांदा भेटत नाही. शिफ्ट सुरू होताना सगळे एकत्र उभे राहतात आणि प्रत्येक जण नाव सांगतो, काय करू शकतो ते सांगतो. "मी अमुक, मी श्वासाकडे." "मी तमुक, मी औषधं." तीन मिनिटंही लागत नाहीत. ऑपरेशन थिएटरसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली जी तपासयादी काढली, तिच्यातही चिरा देण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं हे कलम आहे. भारतातही ती यादी थिएटरच्या भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे. नाव सांगायची ओळ मात्र बहुतेक ठिकाणी नुसती टिक होते.

इथंच मला तुमच्या शीर्षकाचं उत्तर दिसतं. आपल्याकडे खोलीतल्या प्रत्येक नर्सचं नाव "सिस्टर" असतं. मी तिकडे होतो तेव्हा माझं नाव "ब्रदर". चार वर्षांत एका सरांनीही मला नावानं हाक मारली नाही, आणि मलाही ते कधी खटकलं नाही. "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन द्या" ही हाक दोघींना ऐकू येते, आणि दोघी प्रामाणिक असतील तर दोघी देतात. किंवा दोघींना वाटतं दुसरी देतेय आणि कोणीच देत नाही. हे दुसरं जास्त वेळा होतं आणि ते कधी उघडकीलाच येत नाही, कारण न फोडलेल्या अँप्युल कोणी मोजत नाही.

इथं आल्यावर कन्सल्टंटना (वरिष्ठ डॉक्टरांना) पहिल्या नावानं हाक मारायला मला दोन महिने लागले. जीभ वळायची नाही. आपल्याकडे ते व्हावं असं मी म्हणत नाही. सर सरच राहू देत. पण सरांनी "ताई" लावून का होईना नाव घ्यावं.

दुसरी गोष्ट, ऑर्डर परत म्हणायची. "दहा अँप्युल, सहा मिलिग्रॅम, शिरेतून" हे औषध देणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, आणि दिल्यावर "दिलं" म्हणायचं. कागदवाला वेळ म्हणतो: "नऊ चाळीस." तुम्ही दोघींनी फोडायला लागण्याआधी आकडा मोठ्यानं म्हटला असता तर पाठमोऱ्या असूनही एकमेकींना ऐकू गेलं असतं. सुरुवातीला शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटतं. महिन्याभरात न म्हणणाराच विचित्र वाटायला लागतो.

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना, तर हे आणखी लागतं. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे दोन मिनिटांच्या पुढे कोणालाही नीट जमत नाही, दाबणाऱ्याला मात्र आपण नीट देतोय असंच वाटत असतं. म्हणून कागदवाला "दहा सेकंद राहिले" म्हणतो आणि पुढचा माणूस आधीच शेजारी हात तयार ठेवून उभा असतो. "आता कोण?" हा प्रश्न दाब थांबल्यावर विचारला तर तेवढा वेळ पेशंटच्या मेंदूला रक्त नसतं.

खासगीतली_स्टाफ

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मी एका खासगी हॉस्पिटलात रात्री एकटी असते, कॅज्युअल्टी आणि वरचा वॉर्ड दोन्ही माझ्याकडे. डॉक्टर म्हणजे आरएमओ (निवासी डॉक्टर), तोही कधी झोपेतून उठून येतो. तिथं उजवा हात कोण आणि कागद कोण? सगळं मीच. आधी माणसं द्या, मग भूमिका ठरवा. भूमिका ठरवा म्हणून सांगणारे लोक माणसं द्यायची वेळ आली की गप्प होतात, हे मी खूप वेळा पाहिलंय.

निवृत्त_परिसेविका

खासगीतली, तुझं बरोबर आहे. एका माणसाच्या पाच भूमिका होत नाहीत, आणि तू एकटी असताना काही झालं तर तो दोष तुझा नाही. पदं भरा म्हणून आम्ही कितीदा निवेदनं दिली. पण वरच्या मुलीच्या केसमध्ये सहा माणसं होती. ती दहा असती तर कदाचित अ‍ॅट्रोपिन तिघींनी दिलं असतं. दोन्ही मागण्या वेगवेगळ्या कर, एक दुसरीच्या बदल्यात सोडू नकोस. तू एकटी असशील तेव्हा निदान पेशंटच्या उशाशी भिंतीला कोरा कागद चिकटवून ठेव आणि देशील तसं उभ्या उभ्या त्यावर वेळ आणि आकडा लिही. केसपेपर नंतर.

नाइटवाली_सिस्टर

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांचे खूप आभार. काय केलं ते सांगते.

मेट्रन मॅडमकडे (आम्हा नर्सेसच्या प्रमुखांकडे) गेले. मेमोबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, मला आठवडाभर एक करून बघू द्या. त्यांनी एमओ सरांना बोलावलं. सर आधी गप्प होते. मग म्हणाले, "त्या रात्री मी दहा सांगितल्यावर मॅडमनी पण सांगितलं, हे मला अँप्युल मोजेपर्यंत माहीत नव्हतं." त्या रात्रीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः अधीक्षकांकडे जाऊन आले. मेमोचं पुढे काय झालं ते ऑफिसला माहीत, पण मला त्यांचं ते जाणं पुरलं.

आता रात्री आठला ओव्हर झाली की आम्ही सहाही जण पहिल्या खाटेपाशी उभे राहतो. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडायचा, त्यावर नाव आणि खाली काम लिहायचं, छातीवर लावायचं. औषध. कागद. श्वास. दार. पहिल्या रात्री मावशी लावून घ्यायला तयार नव्हत्या, "मला काय लावता" म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी "कपडे-आंघोळ" लिहिलं आणि हातमोज्याचा डबा त्यांच्या ताब्यात दिला. मामांनी वर लिहिलंय तसा तो आता दाराजवळच्या खिळ्याला टांगलाय. किडनी ट्रे एकच, पेशंटच्या उजव्या बाजूला.

मागच्या मंगळवारी फवारणीची केस आली. बाई होती, नवऱ्याबरोबर औषध कालवून देणारी. पल्स 52, छाती भरलेली. कागद माझ्याकडे होता. खरं सांगते, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी असा पेशंट आल्यावर सुई हातात घेतली नाही आणि पहिली दोन मिनिटं माझे हात थरथरत होते. मॅडम पायाशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. ऑर्डर त्यांनीच दिल्या, आकड्यासकट, माझ्या सहकारीचं नाव घेऊन, मागे ताई लावून. सर डोक्याशी. मावशींनी हातमोजे घालून कात्रीनं ब्लाउज कापला, लुगडं सोडवलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, मग साबणानं केसांपासून धुतलं. नखांतसुद्धा. मामा दारातून हलले नाहीत.

मध्येच सरांनी सवयीनं मान खाली घालूनच म्हटलं, "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन..." आणि थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं. "किती झाल्या?"

मी म्हणाले, "पंधरा अँप्युल, नऊ मिलिग्रॅम. शेवटची नऊ बावन्नला. छाती उजवीकडे साफ, डावीकडे अजून आहे. पल्स 96."

"मॅडम सांगतील," म्हणाले आणि परत सक्शनला लागले. मॅडमनी आणखी तीन मिनिटं थांबायला सांगितलं, मग पुन्हा छाती ऐकली, आणि पुढचा डोस लागला नाही. ड्रिप सुरू केली. बाई परवा वॉर्डात बसून भाकरी खात होती.

एक अडचण आहे, कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा. चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं लांबून दिसत नाही, आणि स्केचपेननं लिहिलं तर पेशंटला धुताना पाणी लागून पसरतं. मावशींच्या पट्टीवरचं "आंघोळ" तर दहा मिनिटांत पुसून गेलं.

मामा_कक्षसेवक

ऑक्सिजन सिलिंडरवर "भरेल", "रिकामा" लिवतो तो काळा मार्कर घ्या. पाण्यानं जात नाही. स्टोअरमंधी असते, मांगून घ्या.